ताणावर सोडलेला मदरबोर्ड

आमच्या साडूंनी आजवरच्या आयुष्यात एकही वस्तू खालून पाहिल्याशिवाय घरात आणलेली नाही. माणसं वस्तू समोरून पाहतात, फार तर मागून पाहतात. आमचे साडू मात्र सरळ जमिनीवर बसतात, मान वाकडी करतात आणि वस्तूच्या बुडाशी नजर नेतात. फ्रीज घेताना त्यांनी तो भर दुकानात दोन माणसांकडून आडवा करवून घेतला होता आणि चारही पायांना बोट लावून पाहिलं होतं. कूलर घेताना ते स्वतःच त्याच्याखाली शिरले आणि इतका वेळ बाहेर आले नाहीत, की दुकानदाराने माझ्याकडे पाहून, 'यांना काही त्रास आहे का?' असं हळूच विचारलं. माझ्या बायकोने हौसेने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी आधी पालथं केलं, त्याचं झाकण उघडून आत फुंकर मारली, आणि मगच तोंडभर हसून 'छान आहे' म्हणाले. यावर कोणी काही बोललं की त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. "वरून सारेच हिरवे दिसतात जी. मूळ पाहा लागते."

हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नरखेड तालुक्यातल्या एका रोपवाटिकेत त्यांची सगळी नोकरी गेली. संत्र्या-मोसंबीची कलमं बांधायची, वाढवायची आणि शेतकऱ्यांच्या हवाली करायची, हे त्यांचं काम. ज्या रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बांधतात त्याला खुंट म्हणतात, आणि साडूंच्या मते या जगात जे काही बरंवाईट घडतं ते खुंटामुळे घडतं. फाटकातून कलम घेऊन निघालेल्या प्रत्येक माणसाला ते थांबवत आणि तीन सूचना देत. "पिशवी अलगद कापजा. मुळाची माती फुटू देजा नोको. पहिले आठ दिस सावली करजा." या सूचना त्यांच्या जिभेवर अशा बसल्या, की निवृत्त होऊन नागपुरात मानेवाड्याकडे राहायला आल्यावरही त्या सुटल्या नाहीत. मी नवी स्कूटर घेतली तेव्हा तिच्या सीटवर थाप मारून त्यांनी मला हेच सांगितलं. मी आठ दिवस स्कूटर सावलीत लावली. मे महिना होता, त्यामुळे नुकसान काही झालं नाही.

रोपवाटिकेत त्यांना राग फक्त एकाच गोष्टीचा यायचा. कलमं सांगून ठेवायची आणि न्यायलाच यायचं नाही, अशा शेतकऱ्यांचा. त्यांच्या घरी साडू स्वतः मोटारसायकलवर जाऊन धडकत. "दोन पावसाळे पिशवीत राह्यलं त मूळ पिशवी फाडून खालच्या जमिनीत घुसते. मंग उचलता येत नाही, तोडाच लागते. न्या तुमचं झाड!" असं ओसरीत उभं राहून ओरडत आणि चहा न घेता निघून येत. हा रागही त्यांच्या स्वभावातला एक विनोदच, असं मला तेव्हा वाटायचं.

ताई, म्हणजे माझी मेव्हणी, घरीच कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका तयार करते. मानेवाड्यापासून हुडकेश्वरपर्यंत कितीतरी घरांतल्या पत्रिका तिच्या हातच्या. तिने स्वतः काढलेले गणपती, तिच्या वेलबुट्ट्या, अक्षरांचे नाना प्रकार, सगळं त्या एका जुन्या मशीनच्या पोटात आहे. हे मशीन गेल्या पावसाळ्यात काम करता करता आपोआप बंद पडायला लागलं. ताई बाजारात गेलेली पाहून साडूंनी डबा उघडला, चष्म्यावर भिंग धरलं आणि निदान केलं. आतल्या मदरबोर्डावरची दोन-तीन बारकी नळकांडी फुगली होती आणि त्यांतून तपकिरी चिकट काहीतरी बाहेर आलं होतं. "डिंक्या!" साडू ओरडले. संत्र्याच्या खोडातून डिंक गळायला लागला की त्या रोगाला डिंक्या म्हणतात. त्यावरचं औषध म्हणजे मोरचूद आणि चुना कालवून केलेलं निळं बोर्डो मलम, आणि ते साडूंच्या घरात मिठासारखं कायम असतं.

पुढचं मी सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं, पण साक्षीदार आहेत. साडूंनी आधी प्रोसेसर आणि इतर सुटे भाग अलगद उपटून वाटीत ठेवले. त्याला ते 'डोळे काढून ठेवले' असं म्हणतात. मग चाकूच्या टोकाने डिंक खरवडला आणि ब्रशने त्या मदरबोर्डाला वरपासून खालपर्यंत बोर्डो मलम फासलं. ताई परत आली तेव्हा बोर्ड बाल्कनीत, सावलीला, कुंड्यांच्या रांगेत निळाशार होऊन वाळत पडला होता. "नावातच औषध आहे जी," साडू मला फोनवर म्हणाले, "बोर्डाले बोर्डो!" आठ दिवस सावली झाल्यावर त्यांनी बोर्ड पुन्हा बसवला आणि बटण दाबलं. 'टक' असा एकच आवाज झाला आणि सगळ्या घराची वीज गेली. वाटीतला प्रोसेसर लांब ठेवून आधी नुसता बोर्ड लावून पाहावा, एवढी अक्कल त्यांना सुचली म्हणून बाकीचे भाग वाचले. बोर्ड मात्र कायमचा गेला.

याच सुमारास पल्लवीचं लग्न ठरलं. पल्लवी ही साडूंची एकुलती एक मुलगी. नागपूरच्या विमानतळाजवळच्या मिहानमध्ये कॉम्प्युटरच्याच कंपनीत नोकरीला. मुलगा मौद्याच्या वीज प्रकल्पात इंजिनिअर. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं, घरच्यांनी फक्त पोहे खायचे होते. मुलाकडची मंडळी आत बसलेली असताना साडू उठून बाहेर गेले, दारातल्या चपला-बुटांच्या ढिगातून त्यांनी नेमके मुलाचे बूट शोधले आणि उलटे करून पाहिले. आत येऊन माझ्या कानात म्हणाले, "दोन्ही टाचा सारख्या झिजल्या आहेत. पोरगा सरळ चालते. पसंत!" या सगळ्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. लग्न एप्रिलच्या शेवटी ठरलं, आणि ताईने त्याच दिवशी जाहीर केलं की गावभरच्या पोरींच्या पत्रिका मी केल्या, आता माझ्या पोरीची पत्रिका माझ्याच मशीनवर होईल, दुसऱ्या कोणाच्या नाही. मी माझा लॅपटॉप देऊ केला तर तिने त्याकडे दूधवाल्याने पाणी घातल्याचा संशय आल्यासारखं पाहिलं. "भाऊजी, माहे गणपती त्या मशीनमधी आहे. एक साधासा, स्वस्तातला बोर्ड आणून द्या म्हणा यायले. पत्रिका छापाची आहे, रॉकेट नाही उडवाचं." तेव्हा नुकतीच दिवाळी झाली होती.

जावई दहा मिनिटांत पास करणाऱ्या माणसाला मदरबोर्ड घ्यायला किती वेळ लागावा? माझ्याकडे स्कूटर असल्यामुळे त्यांना बर्डीवरच्या कॉम्प्युटर मार्केटमध्ये नेण्याचं काम माझ्याकडे आलं, आणि मी अर्ध्या तासात परत येतो असं बायकोला सांगून निघालो. ताईच्या प्रोसेसरला चालतील असे स्वस्तातले बोर्ड बाजारात मोजून तीन प्रकारचे होते. पहिल्याच दुकानात गुड्डूभाऊंनी ते तिन्ही काचेवर मांडले. गुड्डूभाऊ हे पन्नाशीचे, पूर्ण टक्कल पडलेले, अत्यंत सज्जन गृहस्थ. या तिघांतलं कोणतंही एक उचला आणि जा, इतकं सोपं काम होतं. साडू खुर्चीवर बसले नाहीत. ते फरशीवर बसले, पहिला बोर्ड डोक्याच्या वर धरला आणि खालून पाहायला लागले.

"काका, ये आगे से देखते हैं," गुड्डूभाऊ म्हणाले.

"तुमी देखा आगेसे," साडू म्हणाले. "मले याचं मूळ पाहू द्या. याचा मातृवृक्ष कोन्ता आहे?"

गुड्डूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. ज्या चांगल्या झाडाचे डोळे कलमाला वापरतात त्याला मातृवृक्ष म्हणतात, आणि साडूंनी 'मदरबोर्ड' या शब्दाचा सरळ तोच अर्थ लावला आहे, हे मी त्यांना समजावून सांगितलं. गुड्डूभाऊंनी थोडा विचार केला आणि खोक्यावर वाचून कंपनीचं नाव सांगितलं. "ते गाव झालं," साडू म्हणाले. "मी झाड विचारून राहिलो." मग त्यांनी शर्टाच्या खिशातून दोरीला बांधलेलं भिंग काढलं. पानावरचे लाल कोळी पाहायला ते नोकरीत वापरत असत. त्यांनी तो बोर्ड इंचाइंचाने तपासला. आत किडे राहत नाहीत, असं गुड्डूभाऊ काकुळतीला येऊन सांगत होते. कोळी दिसत नाही तेव्हाच तो जास्त असतो, असं साडूंचं उत्तर होतं. त्या दिवशी आम्ही बोर्ड न घेता परतलो. माझी स्कूटर मात्र त्यांनी जाताना आणि येताना अशी दोनदा खालून पाहिली.

दुसऱ्या दिवशी साडूंच्या जेवणाच्या टेबलावर तुलनेचा तक्ता तयार होता. रोपवाटिकेतल्या जुन्या, कोऱ्या राहिलेल्या नोंदवहीची पानं जोडून त्यांनी तो आखला होता. तिन्ही बोर्डांना त्यांनी नावं दिली होती. कंपन्यांची नावं त्यांना मान्य नव्हती. पहिला हिरवा बोर्ड 'जंबेरी', दुसरा काळा 'रंगपुरी', ही दोन्ही संत्र्याच्या खुंटांची नावं, आणि तिसरा, जो कुठून तरी दुरुस्त होऊन आलेला होता, तो 'गावरान'. रकाने होते खोड, फांद्या, सावली, रोगराई आणि शेरा. मेमरीच्या पट्ट्या बसवायच्या खाचा म्हणजे फांद्या, म्हणून जंबेरीपुढे दोन फांद्या आणि रंगपुरीपुढे चार. तापू नये म्हणून बसवलेली धातूची पट्टी म्हणजे सावली, ती रंगपुरीला नव्हती. गावरानाच्या रोगराईच्या रकान्यात 'डिंक्याचा पूर्वेतिहास, संशयित' असं लिहिलेलं होतं. आणि शेऱ्याच्या रकान्यात तिघांपुढेही, वळणदार सरकारी अक्षरात, 'पुन्हा पाहणे' असा शेरा होता. पल्लवी मागे उभी राहून हे वाचत होती. तिचं सगळं आयुष्य अशाच यंत्रांत गेलेलं. "बाबा, तिन्ही चालते. मी पाच मिनिटांत आणून देते," ती म्हणाली. साडूंनी तक्ता उचलून छातीशी धरला. "तू तुह्या लग्नाच्या साड्या पाह्य वं," ते म्हणाले. "हे पाहाले मी आहे अजून."

मग आम्ही 'पुन्हा पाहणे' सुरू केलं. नोव्हेंबर गेला. चार फांद्यांचं झाड मोठं होतं पण जागा जास्त खातं, दोन फांद्यांचं लवकर फळाला येतं पण टिकतं का, यावर साडू गुड्डूभाऊंशी तासन्‌तास बोलत. हळूहळू गुड्डूभाऊही त्यांच्या भाषेत बोलायला लागले. एकदा मी पोहोचलो तेव्हा ते एका कॉलेजच्या मास्तरांना 'यह जंबेरी है सर, इसका खुंट मजबूत है' असं मनापासून सांगत होते. मास्तर दोन पावलं मागे सरकले होते. गुड्डूभाऊंच्या दुकानाच्या पायरीवर जुन्या डब्यात लावलेलं एक लिंबाचं झाड होतं. तीन वर्षं झाली, त्याला एकही फूल आलेलं नव्हतं. याचा उल्लेख गुड्डूभाऊंनी सहज केला आणि तिथेच आमचा घात झाला.

"पाणी देता काय याले?" साडूंनी विचारलं.

"रोज देते, काका. सुबह-शाम. मेरी मिसेस तो बिसलरी देती है।"

"म्हनूनच!" साडू गरजले. "अहो, रोज जेवाले भेटलं त तो फूल काहून देईन? त्याले ताण द्या. पाणी बंद करा. पाणी तोडलं का झाड घाबरते, अन् घाबरलं का फुलते. पाह्यजा, मी याले ताणावर सोडतो." मग एकदम तिन्ही बोर्डांकडे बोट करून म्हणाले, "अन् लिंबाले फूल दिसलं का त्याच दिवशी बोर्ड घेतो. तवरिक बोर्डही ताणावर." संत्र्याच्या बागा अशाच ताणावर सोडतात आणि महिना-सव्वा महिन्याने पाणी देऊन बहार धरतात, हे खरं आहे. पण दुकानदाराला, मदरबोर्डाला आणि मुलीच्या लग्नपत्रिकेला एकाच वेळी ताणावर सोडणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. गुड्डूभाऊ मात्र इतके खूश झाले की त्यांनी तिन्ही खोकी साडूंच्या नावाची चिठ्ठी लावून वरच्या फळीवर ठेवून दिली.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. साडू दर दोन-तीन दिवसांनी मार्केटला जात. आता ते बसने जात, मला बोलावत नसत. मला तर हायसं वाटलं होतं. पण ताण चालू होऊन दोन महिने झाले तरी लिंबाला फूल येईना. फूल तर सोडाच, झाड आधीपेक्षा टवटवीत दिसत होतं. गुड्डूभाऊंनी घरी सगळ्यांना शपथ घातली होती, मिसेसची बिसलरी बंद होती, आजूबाजूच्या दुकानदारांनाही बजावून ठेवलं होतं. साडू भिंगातून पानं पाहत, मान हलवत आणि 'खुंटातच दोष दिसते' असं म्हणून परत येत. इकडे फेब्रुवारी संपत आला. मुलाकडच्यांचा 'पत्रिका कधी?' म्हणून तीनदा फोन येऊन गेला होता. माझी बायको रोज सकाळी मला, जणू तो बोर्ड मीच गिळून बसलो आहे अशा सुरात, 'झालं का तुमच्या साडूंचं?' असं विचारायची. शेवटी एका दुपारी मी चिडून स्कूटर काढली. आज तिन्हींपैकी एक घेऊनच यायचं, भांडण झालं तरी चालेल, असं ठरवून मी बर्डीवर पोहोचलो.

गुड्डूभाऊ जेवायला घरी गेले होते, दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. पायरीवर आमचे साडू उकिडवे बसलेले होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. त्यांच्या हातात एक बाटली होती आणि ते अगदी हळू, मुळाशी, डब्याच्या कडेने गोल गोल, लिंबाच्या झाडाला पाणी घालत होते.

ज्या माणसाने आयुष्यभर शेतकऱ्यांना ताण शिकवला, दोन दिवस आधी पाणी सोडलं म्हणून सख्ख्या भावाशी वर्षभर अबोला धरला, तो माणूस चोरून ताण मोडत होता. माझी सावली डब्यावर पडली तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"पाणी नाही जी," ते घाईने म्हणाले. "फवारणी आहे."

"साडूभाऊ, फवारणी बाटलीने करतात?"

ते बाटली मांडीवर ठेवून म्हणाले, "मौदा लय दूर आहे."

"एक तास लागतो. दर अर्ध्या तासाला गाडी आहे."

"झाडाले काय तास समजते?" ते म्हणाले. "उचललं म्हंजे उचललं." आणि मग, माझ्याकडे न पाहता, लिंबाच्या पानाशी बोलावं तसं बोलत राहिले. बोर्ड आला की मशीन चालू होणार. मशीन चालू झालं की ताई पत्रिका करणार. आणि एकदा का पत्रिकेवर 'आमची कन्या' असं छापून आलं, की मग ते मागे घेता येत नाही. तोवर आपलं चाललं आहे. पोरगी संध्याकाळी मिहानवरून येते, दारात गाडी लावते, 'बाबा, आज कोन्ता खुंट पाह्यला?' म्हणून विचारते. मग जेवणं होईपर्यंत ती तक्ता घेऊन बसते आणि बापाला हसते. "नोकरीत होतो तवा कलमं मोजून सोडून दिली जी. त्या फाटकातून एकही झाड वापस नाही आलं. मले कधी काही वाटलं नाही. हे एकच घरी लावलं होतं."

या माणसाला चार महिने मी मनातल्या मनात किती बोललो होतो, ते सगळं आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली. मी पायरीवर त्यांच्याशेजारी बसलो. समोरून माणसं प्रिंटर आणि स्पीकरची खोकी घेऊन जात होती. साडू स्वतःच म्हणाले, "तसं म्हणाल त मले माहीत आहे. दोन पावसाळे पिशवीत राह्यलं त मूळ खाली जाते. मंग तोडाच लागते." त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती माझ्या हातात दिली. "हे आता तुमीच ठेवा."

मी ती बाटली ताईकडे नेऊन दिली. काय सांगायचं ते स्कूटरवर मनात जुळवून ठेवलं होतं, पण बाटली पाहताच तिने ती ओळखली आणि ओट्यावर उपडी ठेवली. "मीच भरून देत होती," ती म्हणाली. "त्यायले वाटे, का मले माहीत नाही. प्याचं पाणी म्हनून पिशवीत ठेवून देत जाय. मले वाटलं, चार दिस आनखी." मग पदराने हात पुसत एकदम माझ्यावरच उखडली. "अन् तुमी काहून इतक्या उशिरा पकडलं, भाऊजी? पत्रिका कधी करू आता मी?"

त्यानंतर मात्र झाडाला खरा ताण बसला. मार्चचं नागपुरी ऊन, लहानसा डबा. दहा-बारा दिवसांत पानं माना टाकून लोंबायला लागली. गुड्डूभाऊ हवालदिल झाले. ते मला रोज फोन करून झाडाच्या तब्येतीचा अहवाल द्यायचे. एका सकाळी साडूंनी मला बोलावलं, आम्ही बर्डीवर गेलो, आणि त्यांनी सगळ्यांसमक्ष, उजेडात, गुड्डूभाऊंच्या मिसेसच्या हातून त्या झाडाला तांब्याभर पाणी घालून घेतलं. आणखी बारा दिवसांनी लिंबाला कळ्या आल्या. पांढऱ्या, किंचित जांभळ्या झाक असलेल्या, मुगाच्या दाण्याएवढ्या. आजूबाजूच्या दुकानांतली माणसं काम टाकून पाहायला आली. गुड्डूभाऊंनी पेढे वाटले. आणि साडूंनी फळीवरून खोकं काढायला सांगितलं. कोणतं? पहिल्या दिवशी, पहिल्या मिनिटाला काचेवर ठेवलेलं, तेच हिरव्या जंबेरीचं. पाच महिन्यांपूर्वी ज्याला 'चालते' म्हटलं असतं तर सगळे त्याच दिवशी सुटलो असतो.

"काका, एक बार नीचे से देख लो," गुड्डूभाऊ म्हणाले. त्यांनी स्वतःच तो बोर्ड उलटा करून धरला होता.

"नाही," साडू म्हणाले. "पाह्यला आहे."

पत्रिका ताईने दोन दिवसांत केली. गणपती तिचा नेहमीचा होता, पण कडेने वेलबुट्टीऐवजी लिंबाच्या कळ्या होत्या. पहिली पत्रिका देवापुढे आणि दुसरी गुड्डूभाऊंना गेली. तिसरी साडूंनी हातात घेतली, उलटी केली, मागची कोरी बाजू नीट पाहिली आणि मग वाचली.

लग्न थाटात झालं. गुड्डूभाऊ मिसेसला घेऊन आले होते, आणि अहेर म्हणून त्यांनी खोक्यात घालून लिंबाचं एक रोपच आणलं होतं. पाठवणीच्या वेळी ताई रडली, माझी बायको रडली, पल्लवी रडली. साडू रडले नाहीत. ते फुलांनी सजवलेल्या गाडीभोवती एक चक्कर मारून आले, खाली वाकून चारही चाकं पाहून आले, आणि मग जावयासमोर येऊन उभे राहिले. सासरे काहीतरी बोलणार म्हणून तो बिचारा अदबीने वाकला. साडूंनी त्याचा दंड धरला. 

"पिशवी अलगद कापजा," ते म्हणाले. "मुळाची माती फुटू देजा नोको." मागे सनईची कॅसेट संपून घरघर चालू झाली होती. "पहिले आठ दिस... सावली करजा."

जावई इंजिनिअर माणूस. त्याने लिंबाच्या खोक्याकडे पाहिलं आणि 'हो बाबा, करतो' म्हणाला. पल्लवीने मात्र गाडीतून मान बाहेर काढून बापाकडे पाहिलं, आणि गाडी वळेपर्यंत ती मान आत घेतली नाही. साडू रस्त्यात उभे होते. गाडी दिसेनाशी झाल्यावर ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "दर अर्ध्या तासाला गाडी आहे म्हणाले ना तुमी मौद्याची?"

मी हो म्हणालो.